दोन मार्कांची ओळ

नववीच्या इंग्रजीच्या बाईंना नणंदेने जेवताना टोचलं, तिथून सगळं सुरू झालं. वीस वर्षं पोरांकडून तक्रारीची पत्रं लिहून घेतेस, त्यातलं एक तरी पोस्टात टाकलंस का, असं ती सहज बोलून गेली. बाईंना ते जिव्हारी लागलं.

आणि बाईंनी एकदा डोक्यात घेतलं की घेतलंच. दुसऱ्याच दिवशी वर्गात जाहीर केलं, यंदा खोटा पत्ता नाही, खोटा साहेब नाही. खरी अडचण, खरं पत्र, खरं तिकीट. मुलांनी एकमताने सकाळच्या बसची अडचण निवडली. ती महिनाभर रोज वीस मिनिटं उशिरा येत होती आणि अर्ध्या वर्गाचा पहिला तास बुडत होता.

अडतीस पत्रं झाली. दोषी व्यक्तीवर कडक कारवाई करावी, ही शेवटची ओळ बाईंकडे दोन मार्कांची. एकीच्या पत्रात ती नव्हती. मागच्या बाकावरची, पायी शाळेत येणारी, कधी तोंड न उघडणारी पोर. बाई, ही हवीच का, असं तिने हळूच विचारलंसुद्धा. हवीच, म्हणाल्या बाई, आणि समोर उभी करून ओळ लिहून घेतली. सगळी पत्रं बस डेपोच्या साहेबांच्या नावे पोस्टात पडली. बस उशिरा का येते, हे ड्रायव्हरला विचारायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाईंच्याही नाही, अगदी खरं सांगायचं तर.

तीन आठवड्यांनी शिक्षकांच्या खोलीत एक माणूस आला. त्या बसचा ड्रायव्हर. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं होतं, आणि शुक्रवारी साहेबांपुढे उभं राहायचं होतं. नोकरी जाते की राहते, देवच जाणे. नोटिशीला जोडलेलं एक पत्र त्याने टेबलावर ठेवलं.

"अक्षर माझ्या मुलीचं आहे. मला इंग्रजी येत नाही, आणि तिला विचारलं की रडते. शेवटी काय लिहिलंय?"

बाईंनी अक्षर ओळखलं. आपलीच ओळ त्यांना मराठीत सांगावी लागली.

"तिने नव्हती लिहिली. मी लिहायला लावली."

त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, मुलं चढतात त्याच्या अलीकडचा पूल बंद आहे, बस वळसा घालून जाते, वेळापत्रक जुनंच आहे, ते मी साहेबांना सांगेन, पटलं तर पटलं. "पण हे तेवढं घरी येऊन तिला सांगा. तीन दिवस झाले, माझ्यासमोर जेवायला बसत नाही."

बाई त्याच संध्याकाळी गेल्या. मुलीने दार उघडलं आणि बाईंना बघून ती पांढरीफटक पडली. बाईंनी चप्पलही न काढता, उंबऱ्यातच सांगून टाकलं, चूक तुझी नाही, माझी आहे. मग बाईंच्या सांगण्यावरून दोन दिवस वर्गातली मुलं घड्याळं घेऊन डेपोपासून त्या बसमधून फिरली. वळशाची अठरा मिनिटं भरली. शुक्रवारी साहेबांपुढे ठेवायचं नवं पत्र कोणी लिहायचं, हे वर्गात विचारावंच लागलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाई ते बघायला पुन्हा त्यांच्या घरी गेल्या. मिनिटांचा हिशोब, पूल बंद झाल्याची तारीख, सगळं चोख होतं. खाली जागा कोरी.

"बाई, शेवटची ओळ काय लिहू?" मुलीने विचारलं.

बाईंच्या जिभेवर वीस वर्षांची ओळ आली होती. ती त्यांनी गिळली. "मला नको विचारूस. ज्यांच्यासाठी लिहितेयस त्यांना विचार."

मुलीने पेन हातात तसंच धरून मान वळवली. "बाबा, काय लिहू?"

ड्रायव्हर तिच्या शेजारी येऊन बसला. "वेळापत्रक बदला म्हणावं. आणि मला गाडीवर परत घ्या, एवढंच."

तिने ते इंग्रजीत लिहिलं आणि एकेक शब्दावर बोट ठेवून त्याला वाचून दाखवलं. मग आत जाऊन दोन ताटं घेऊन आली. बाईंना आग्रह झाला, पण त्या थांबल्या नाहीत.

सोमवारी बस आली ती नव्या वेळेला, आणि तोच चालवत होता.