बाहेरच्या कप्प्यातली सांडशी

दचकू नका. सांडशीला तोंड असतं हे तुम्ही रोज बघता, ती बोलताना तेवढी ऐकली नसेल. आयुष्यभर पातेल्यांचे काठ धरून बसले, म्हणून गप्प होते. आज धरायला काही नाही, तर म्हटलं चार शब्द बोलून घ्यावेत. बोलायची सवय नाही, थोडं इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पट्ट्या तापवल्या, ठोकल्या, वाकवल्या आणि मधोमध रिबीट ठोकून दोघींची एक केली. दोन पाय, एक तोंड, झाली सांडशी! कारागीर प्रत्येकीला एकदा उघडून मिटून बघायचा. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, "ही जरा घट्टच आहे," आणि मला ढिगात भिरकावलं. पण त्या घट्टपणानंच माझं भलं केलं.

भांड्यांच्या दुकानात मला आईनं घेतलं. तेव्हा ती आई नव्हती, नवी सूनबाई होती. पण पुढे घरातले सगळे तिला आईच म्हणायला लागले, म्हणून मीही म्हणते. तिनं दुकानदाराकडून काठोकाठ भरलेलं पातेलं मागून घेतलं आणि एकेक सांडशी लावून ते उचलून बघितलं.

"ताई, सांडशी घेताय की घोडा?" दुकानदार वैतागला.

"दादा, घोड्यावरून पडलं तर एकालाच लागतं. सांडशी सुटली तर घरभर उकळतं दूध."

मी सुटले नाही. घरी आले.

त्या घरात देवाच्या खालोखाल चहाला मान. सकाळी आईची पूजा आटोपली की चहाचं पातेलं चढायचं, आणि उतरवायचा मान माझा. आई नवसाची बाई. नवस मोठे नसायचे तिचे. कुणाचा ताप उतरावा म्हणून ती साखर सोडायची, कुणाला नोकरी लागावी म्हणून सकाळभर मौन धरायची. मौनाच्या दिवशी तिची वाचा मी! ओट्यावर मला एकदा आपटलं की 'जेवायला या', दोनदा आपटलं की 'आधी हात धुवा'. बाबा म्हणायचे, "हिचं मौन शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू येतं."

पुढे घरात लाल मुठींची नवी सांडशी आली. दिसायला देखणी, हाताला मऊ. मला खालच्या खणात जागा मिळाली, तुटका झारा आणि झाकण हरवलेल्या डब्यांच्या शेजारी. वाईट वाटलं, पण कुरकुर कशाला करायची? माणसांच्या घरातही असंच चालतं. नव्याला जागा देताना जुन्यानं जरा सरकायचं असतं.

मी खणात असतानाच घरातली ठकी मोठी झाली. ठकी म्हणजे आईची एकुलती एक लेक. लहानपणी बाहुलीसारखी गोल होती म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. आता तिला पूल बांधायचं शिक्षण घ्यायला परदेशी जायचं होतं.

निघायच्या दिवशी घरात नुसती लगीनघाई. मदतीला आत्या आली होती, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सुटकेस काही केल्या मिटेना. शेवटी आत्या तिच्यावर बसली, तेव्हा कुठे चेन लागली. बाबांनी चेनीच्या दोन कड्यांतून कुलूप घातलं आणि टक्कन दाबलं.

"किल्ली इकडे द्या," आई म्हणाली. "जरा देवापुढे ठेवते. सामान सुखरूप पोचू दे."

आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडून तिनं सगळ्यांच्या देखत नवस बोलून टाकला. "ठकी तिच्या खोलीत, तिच्या हातानं केलेला पहिला चहा पिईल, तोवर माझ्या तोंडात चहाचा थेंब जायचा नाही."

बाबा खुर्चीतून उठलेच. "अगं, त्यापेक्षा जेवण सोड! चहा नसला की तुझं डोकं उठतं, आणि मग आमची धडगत नसते."

"वहिनी," आत्या म्हणाली, "देवाला तरी विचारलंत का, त्याला हे झेपेल का?"

आई हसली, पण शब्द मागे घेतला नाही. नवस असा मागे घेता येत नाही. सुटलेला शब्द आणि उतू गेलेलं दूध, दोन्ही परत भांड्यात भरता येत नाहीत.

मग तिला एकदम आठवलं. सुटकेसमधल्या पातेल्याला दांडा नव्हता. तिनं खण ओढला. वर ओट्यावर ठेवलेल्या लाल मुठींच्या सांडशीला हात लावला, क्षणभर थांबली आणि मला उचललं.

"आई, तिकडे भांड्यांना दांडे असतात. सांडशी कुणी नेतं का?" ठकीनं नाक मुरडलं.

"तुझ्या पातेल्याला आहे का दांडा? ती नवी नुसती पकडते. ही धरली की धरली."

आई मला ठकीच्या पर्समध्येच घालायला निघाली होती. बाबांनी हात धरला. "विमानात सांडशी? पायलटला पकडायला चाललीय का ती?"

सुटकेसला तर कुलूप लागलेलं. म्हणून मी बाहेरच्या कप्प्यात गेले. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. आईनं देव्हाऱ्याशी धाव घेतली, लाल कागदाची पुडी बांधली आणि ठकीच्या हातात दिली. "जपून ठेव गं. किल्ली आहे यात, आणि देवावरचं फूल."

विमानाच्या पोटातलं फारसं सांगत नाही. काळोख, गारठा आणि शेजारी कुणाचीतरी बोचकी. मग चाकांची घरघर, एक जिना, दुसरा जिना. ठकीचा श्वास फुललेला मला कप्प्यातून ऐकू येत होता. दार उघडलं आणि ती ओरडली, "आहाहा!"

कप्प्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. खोली एवढीशी होती. एक पलंग, एक टेबल, भिंतीतलं कपाट, आणि अंगणात उघडणारी खिडकी. अंगणात एक झाड, त्याला टेकवलेल्या सायकली. सकाळचं ऊन थेट पलंगावर पडलं होतं. ठकीनं बूट काढले आणि पलंगावर उडी मारली. पुन्हा मारली. मग आपल्याशीच म्हणाली, "माझी खोली!" आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची खोली मिळाली होती. लगेच तिनं फोन सुटकेसवर ठेवला आणि घरी लावला. म्हणून पुढचं सगळं मला नीट ऐकू आलं.

"पोचले गं आई! खोली मस्त आहे. आता चहा टाकते. तू तयार राहा!"

"माझं डोकं फुटायची वेळ आलीय बाई. पण घाई करू नकोस, आधी हातपाय धू."

तिकडे दुपार झाली होती. आदल्या दिवसापासून आईनं चहाला हात लावला नव्हता. मागून बाबा म्हणाले, "घाई कर गं, घाई कर!"

ठकीनं पुडी सोडली. आत फूल होतं, थोडं सुकलेलं, पण वासाचं. ते टेबलावर ठेवलं. कागद झटकला, उलटा केला. पर्स पलंगावर रिकामी केली.

"आई, पुडीत किल्ली नाहीये."

"असं कसं? मी स्वतः…"

आई बोलता बोलता थांबली. फोनमधून तिची पावलं ऐकू आली, देव्हाऱ्याच्या दिशेनं जाणारी. मग अगदी बारीक आवाजात, "अगं ठके… किल्ली इथेच आहे. देवाच्या पायाशी. घाईत मी नुसतं फूलच बांधलं."

आत्या म्हणाली, "देवाचं काय चुकलं? वहिनींनी ठेव दिली, त्यानं नीट सांभाळली."

कुणी हसलं नाही. आईचा आवाज भरून आला होता. "माझ्याच भक्तीनं माझ्या लेकीची वाट अडवली गं. पहिल्याच दिवशी! कपडे आत, पांघरूण आत, चहा आत…"

"आई, रडू नकोस. खाली केअरटेकरकाका आहेत, मी बघून येते."

ती गेली आणि हिरमुसून परत आली. केअरटेकरकाकांकडे मोठा कटर होता, पण तो दुसऱ्या इमारतीत. आणि आज सुट्टी, म्हणजे उद्याच.

"उद्या?" बाबांचा आवाज चिरकला. मग फोन घेऊन ते बहुधा आतल्या खोलीत गेले, कारण कुजबुजायला लागले. "ठके, ऐक. म्हण ना, प्यायले म्हणून. इथे तिचं डोकं ठणकतंय, डोळे उघडवत नाहीत. एवढंसं खोटं देवही पोटात घालेल."

ठकी सुटकेसला टेकून खाली बसली होती. खोलीतलं ऊन पलंगावरून उतरून तिच्या पायांपर्यंत आलं होतं.

"बाबा, मला तिची काळजी वाटत नाहीये का? पण इथला पहिला दिवस आहे माझा. आईला सांगायची पहिलीच गोष्ट खोटी सांगू? आणि ती माझ्या आवाजावरून ओळखेल."

"ते मात्र खरं," बाबा म्हणाले. "माझ्याही ओळखते."

तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला. "काय कुजबुज चाललीय ते मला कळत नाही का? ठके, शेजारीपाजारी कुणाकडे चहा मिळाला तर पिऊन घे. दमली असशील. नवस मी बोललेय, तू नाही. माझं मी बघीन."

"तू पिणार नाहीस तर मीही नाही."

मायलेकी दोघीही माझ्यासारख्याच. धरलं की धरलं.

ठकीनं सुस्कारा सोडला आणि पाठ जरा मागे रेलली. मी कप्प्यातून टोचले. मुद्दाम टोचले म्हणा हवं तर. तिनं हात घातला आणि मला बाहेर काढलं. माझ्याकडे बघितलं, मग कुलपाकडे. आणि अशी काही हसली की खिडकीतली पाखरं उडाली.

"आई! सांडशी!"

"अगं बाई, हो की!"

तो आरडाओरडा ऐकून शेजारच्या खोलीतली उंच मुलगी दारात आली. तिच्या ओल्या केसांना टॉवेल अजून तसाच गुंडाळलेला. ती कुठल्या देशाची होती देव जाणे. त्या दोघी एका तिसऱ्याच भाषेत बोलत होत्या, मी मात्र माझ्या भाषेत सांगते.

"हे काय आहे? दात काढायचं हत्यार?"

"पातेलं उचलायचं. पण आज कुलूप तोडायचंय."

"मग मी बॅग धरते!"

उंच मुलगी सुटकेसवर चक्क पालथी पडली. ठकीनं कुलूप माझ्या तोंडात दिलं आणि माझे दोन्ही पाय घट्ट आवळले. खरं सांगते, मला भीती वाटली. इतक्या वर्षांचं जुनं रिबीट माझं. तुटले असते तर दोन पट्ट्या होऊन पडले असते. पण पलीकडे आईचं डोकं ठणकत होतं, आणि अलीकडे तिची लेक माझ्या भरवशावर होती. मी दात नसलेल्या तोंडानं कचकचून धरलं.

ठकीनं पिळलं. रिबीट कर्र वाजलं. तिनं पाय रोवले, हात पार टोकाशी नेले आणि पुन्हा पिळलं.

तट्!

कुलूप नाही हं उघडलं. बाबांनी आणलेलं कुलूप, ते कसलं उघडतंय! चेनीच्या कड्याच तुटल्या. बंद कुलूप माझ्या तोंडात तसंच राहिलं. "सुटली! सुटली!" आवाज ऐकून तिकडे आत्या ओरडली आणि इकडे उंच मुलगी टॉवेल हवेत उडवून नाचायला लागली.

मग काय विचारता! पातेलं निघालं, चहाचा डबा निघाला, गाळणी निघाली. दूध उंच मुलीनं दिलं. सगळ्या खोल्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर होतं. तिथली शेगडी काचेसारखी सपाट, ज्योत नाही की काही नाही. मला वाटलं, ही कसली तापतेय! पण चहा उकळला, वर आला. बिनदांड्याचं ते तापलेलं पातेलं ही पोरगी कसं उचलणार, म्हणून तिथली चारपाच मंडळी आपापली भांडी सोडून बघत उभी राहिली. ठकीनं मला काठाला लावलं आणि अलगद उचललं. थेंबही सांडला नाही. खणात काढलेली सगळी वर्षं मी तिथल्या तिथे विसरले.

पेला घेऊन ठकी खोलीत गेली. एका हातात पेला, एका हातात फोन, आणि मी काखेत. मला खाली ठेवायचंच विसरली होती. फोनवर आता आईचा चेहरा दिसत होता, कपाळाला घट्ट पट्टी बांधलेली.

"फुंकर मार गं, जीभ भाजेल."

ठकीनं फुंकर मारली आणि घोट घेतला. सगळं घर तिच्या घशाकडे बघत होतं.

"प्यायले, आई."

आईनं डोळे मिटले, हात जोडले. ओठ हलले, पण काय म्हणाली ते तिचं तिला आणि देवाला ठाऊक. मग बाबांनी कप पुढे केला. कधीपासून चहा करून, पुन्हा पुन्हा गरम करून ते तयारच बसले होते. आईनं हळूच घोट घेतला. कपाळावरची पट्टी सोडली.

"इतका गोड चहा जन्मात प्यायले नव्हते," ती म्हणाली.

आत्यानं तिच्या हातातला कप घेऊन चाखला आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी! दादानं यात साखरच घातलेली नाही!"

मग दोन देशांत मिळून जे हसू पसरलं, ते मी अजून विसरले नाही. उंच मुलगीही हसली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, पण हसायला भाषा कशाला लागते?

हल्ली मी त्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. कुणाच्या बाटलीचं झाकण अडतं, कुणाचा तवा तापतो, सगळे मला हाक मारतात. माझं नाव उंच मुलीनं घोकून घोकून पाठ केलंय. त्या दिवसापासून माझं रिबीट जरा सैल झालंय. मी चालते, पण पहिल्यासारखी घट्ट नाही. त्याचं मला काही वाटत नाही. घट्ट धरायचं कशासाठी, ते त्या दिवशी पुरतं कळलं.

ते कुलूप ठकीच्या खिडकीच्या कडीला दोऱ्यानं लटकतंय, अजून बंदच. कटरनं तोडून देतो म्हणून केअरटेकरकाका विचारायला आले होते. ती म्हणाली, "नको. त्याची किल्ली घरी आहे." घरी आई रोज पूजेत देवाला फुलं वाहिली की एक फूल किल्लीलाही वाहते. शिकून परत गेल्यावर ते कुलूप आईच्याच हातानं उघडायचं, असं दोघींचं ठरलंय. मलाही घरी न्यायचं ठकीनं कबूल केलंय. या खेपेला सुटकेसच्या आत.

तुमच्याही घरातून कुणी दूर निघालं असेल, तर सुखानं निरोप द्या. नवस बोला, देवापुढे सामान ठेवा, माझी काही हरकत नाही. खणाच्या तळाशी पडलेली एखादी जुनी सांडशी असली तर तीही बाहेरच्या कप्प्यात घाला. आणि गाडी सुटण्याआधी एवढं करा, देवाच्या पायाशी एकदा डोकावून बघा.