आत्याचा झगा आणि तीन साक्षीदार

शब्दकोशाच्या कचेरीत माणसं चार, टेबलं चार, खुर्च्या पाच आणि त्यांतल्या धड खुर्च्या तीन. पाचवीवर बसायची कुणाची छाती नव्हती. चौथी, म्हणजे डुगडुगणारी, नव्या माणसाला द्यायची तिथली रीत होती. सध्या तिच्यावर मोजपट्टी बसत होती. संख्याशास्त्र शिकून आलेल्या या मुलीने पहिल्याच दिवशी खुर्चीचा एक पाय नऊ मिलिमीटर आखूड असल्याचं जाहीर केलं होतं, आणि प्रुफं तपासणाऱ्या मामांनी तिचं नाव तिथल्या तिथे ठेवून टाकलं होतं. मामा कुणाचेच मामा नव्हते, पण त्यांना कोण सांगणार!

नोकरी पक्की व्हायची तर नव्या माणसाने कोशात एक तरी दुर्मीळ इंग्रजी शब्द आणून दाखवायचा, अशीही एक रीत होती. शब्द नुसता पुस्तकात सापडून भागत नसे. तो बोलण्यात वापरणारे तीन साक्षीदार लागत, तेही एकमेकांशी संबंध नसलेले. मग बैठकीत चारांपैकी तीन हात वर गेले पाहिजेत. नाही गेले, तर खुर्ची दुसऱ्या कुणाला.

मोजपट्टीच्या वाट्याला ‘फॉर्च्युइटी’ आला. अर्थ योगायोगच, पण ज्यात कुणाचाही हात नाही असा. विमेवाले तो वापरतात: घर आपोआप पेटलं तर फॉर्च्युइटी, आपणच काडी लावली तर नाही.

“विमेवाले साक्षीदार चालायचे नाहीत,” संपादक म्हणाले. “ते शब्द वापरत नाहीत, तोंडावर फेकतात.”

बरेच दिवस एक साक्षीदार मिळेना. आणि मग एकाच आठवड्यात तिघं! लिफ्ट दुरुस्त करणारा बोलता बोलता ‘फॉर्च्युइटी’ म्हणाला. पोहायला शिकवणारे सर म्हणाले. दातांच्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. मोजपट्टी हवेत तरंगत घरी गेली, आणि जिन्यातच थबकली. एवढा दुर्मीळ शब्द, एका आठवड्यात तीनदा? हिशेब बसेना.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिचा दात भरायचा होता. तोंडात कापूस कोंबल्यावर डॉक्टरीणबाईंना कंठ फुटला.

“अहो, गंमत ऐका. एक बाई पार्टीला गेली, तर तिचा झगा आणि हॉलचे पडदे एकाच कापडाचे! खिडकीपाशी उभी राहिली की गायब. एकाने तर तिला बाजूला सारून खिडकी उघडायला घेतली. याला म्हणतात फॉर्च्युइटी!”

“उई आंगिअलं?”

“कोण सांगणार, तो लिफ्टवाला. दाढ काढायला आला होता.”

मोजपट्टी तशीच, सुजल्या गालाने, आत्याकडे गेली. कारण ती बाई म्हणजे तिची सख्खी आत्या होती, आणि पार्टीहून रडत आलेल्या आत्याची समजूत काढायला हा शब्द मोजपट्टीनेच सांगितला होता.

“लिफ्टवाल्याला मीच सांगितलं,” आत्या म्हणाली. “दीड तास अडकलो होतो दोघं, काहीतरी बोलायला नको?”

“आणि पोहण्याचे सर?”

“त्यांनाही. पण आता ऐक तर! हॉलचे पडदे माझ्याच शिंप्याने शिवलेत. उरलेलं कापड मेल्याने माझ्या गळ्यात मारलं. चांगले कान उपटून आले त्याचे.”

“अगं, मग ती फॉर्च्युइटी नव्हतीच!”

“नसेना का! शिंप्याने फसवलं म्हटलं की लोक फिदीफिदी हसतात. फॉर्च्युइटी म्हटलं की मान डोलावतात.”

बैठकीत मोजपट्टीने सगळं सांगून टाकलं. साक्षीदार तीन, पण उगम एकच, तोही तिच्याच घरातला. शिवाय ज्या घटनेला हा शब्द लावला, तिच्यात शिंप्याचा हात. टंकलेखन करणाऱ्या काकूंचा चहा नाकात गेला.

“डॉक्टरीणबाईंना तू सांगितलंस?” संपादकांनी विचारलं.

“नाही.”

“त्यांना अर्थ कळला होता?”

“बरोब्बर कळला होता. घटना तेवढी चुकीची होती.”

“मग तो आपला प्रश्न नाही, शिंप्याचा आहे.”

“पण साहेब, पुरावा दूषित आहे! आत्याकडून आलेला शब्द...”

“बये,” मामा म्हणाले, “या कोशातला कुठला शब्द कुणाच्या आत्याकडून आला नाही, ते एकदा मोजून सांग.”

संपादकांनी मतं मागितली. बाजूने हात तीन, विरोधात एक. विरोधातला मोजपट्टीचा होता.