कापूस भरलेली पेटी

सर्जेरावाची पेटी ऐकायला लोक येतात, असं म्हणायची रीत होती. खरं तर ते बघायला यायचे. कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या त्या वस्तीत त्याच्याइतका देखणा गडी दुसरा नव्हता, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. सूर वर चढला की याच्या भुवया चढायच्या, सूर उतरला की खांदा पडायचा, आणि समेवर मान अशी झटकायचा की मानेवरचे केस कपाळावर यायचे आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. भात्यावरचा हात तर विहिरीतून पाणी शेंदावं तसा चालायचा. या सगळ्या धामधुमीत उजवा हात काय वाजवतो याकडे कुणाचं लक्षच जायचं नाही. ते त्याच्या पथ्यावरच पडायचं, कारण उजव्या हाताची कुवत बेताचीच होती.

हे पक्कं ठाऊक होतं त्याच्या भावजयीला, बेबीनंदाला. तिचं माहेर अंबडचं. वडील तिथल्या गायन पार्टीत पेटीवर असायचे, त्यांनीच तिला शिकवलं. पण आई मजुरीला गेलेली, म्हणून धाकट्या भावाला मांडीवर झोपवून ती शिकायला बसायची. पोरगं उठलं की पेटी बंद आणि भोकाड सुरू. ते उठू नये म्हणून बेबीनंदा नुसती बोटं हलवायला शिकली. मान नाही, खांदा नाही, भुवईसुद्धा नाही. भाऊ मोठा झाला, मिसरूड फुटलं, तरी हिची बैठक काही मोडली नाही. पेटीवर बसली की वाटावं, बाई डाळ निवडतेय.

वडील गेले तेव्हा त्यांची छोटी पेटी ती सासरी घेऊन आली. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षं झाली होती, सासरच्या गायन पार्टीला पुन्हा गावोगावची बोलावणी येऊ लागली होती, आणि येत्या बुद्धपौर्णिमेला अंबडचं बोलावणं आलं होतं. तेव्हापासून बेबीनंदाने एकच मनात घेतलं. अंबडला पेटीवर आपण बसायचं. वडील ज्या गल्लीत वाजवायचे तिथे, त्याच माणसांपुढे. कोरसमध्ये टाळ्या वाजवत नव्हे.

पण पार्टी होती अण्णासाहेबांची. अण्णासाहेब तिचे चुलत सासरे, पार्टीचे गायक, गाणी रचणारे आणि धंद्याने गवंडी. "भिंत वळंब्यानं आन सूर कानानं, दोन्हीत आपन फसत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बेबीनंदाने भीत भीत विषय काढला, तर त्यांनी तिला अंगणातच वाजवायला बसवलं. समोर उकिडवे बसून, टक लावून तिच्याकडे बघत त्यांनी अख्खं गाणं ऐकलं.

"सूर बराबर हाय," ते शेवटी म्हणाले. "पन कोरडा हाय, सूनबाई. जीव न्हाई त्यात. सर्जेराव वाजवून राह्यला की अंगावर कसा काटा येतो! तुझ्या पेटीनं ज्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, त्या दिवशी तू अंबडला फुडं बस. आपला शब्द हाय."

बेबीनंदाला राग आला, रडूही आलं. तिने भाकऱ्या थापता थापता नवऱ्याला सांगितलं, "मामंजी कानानं ऐकत न्हाईत."

"मंग काय नाकानं ऐकतेत?" भिवा म्हणाला. भिवा पार्टीत ढोलकीवर होता. ढोलकीवाल्याला सगळ्या गोष्टींची गंमतच वाटते.

"डोळ्यानं ऐकतेत," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी जरा जास्तच जोरात उलटली.

त्यानंतर चार दिवसांत सर्जेरावाला नखुर्डं झालं. तेही उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. बोट वांग्यासारखं टरारलं. आणि दुसऱ्याच दिवशी तीर्थपुरीला जयंतीचा कार्यक्रम. नुसता कार्यक्रम असता तर त्याने बोट दाखवून सुट्टी घेतली असती, पण तीर्थपुरीच्या गोजरबाई आपल्या पोरीसाठी त्याला बघायला येणार होत्या. पेटीवर बसलेला बघायला. सर्जेराव बोट धरून भावजयीच्या दारात आला.

"वैनी, आता तूच काय ते कर."

बेबीनंदाने बोटाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात जे आलं त्याने तिला स्वतःलाच हसू फुटलं.

"भावजी, तुमी पेटीवर बसा. मान हालवा, भाता हालवा, सगळं बराबर करा. वाजवायचं तेवढं मी बघते."

तिने पार्टीच्या मोठ्या पेटीचं झाकण काढलं, घरात उरलेला वेचणीचा कापूस घेतला आणि एकेका सुराच्या पितळी पातीवर दाबून बसवला. सर्जेरावाने भाता मारून पाहिला. पेटीतून नुसता दमेकऱ्याचा श्वास आला. भिवा हसून हसून लोळला. मग वडिलांची छोटी पेटी वाकळीत गुंडाळली आणि सगळे येष्टीत बसले. अण्णासाहेबांनी गाठोडं बघून विचारलं, "यात काय?" "पांघरून हाय, मामंजी," बेबीनंदा म्हणाली, आणि वरून दिसत होतं तेही पांघरूणच.

तीर्थपुरीला ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. खाटा जोडून त्यांवर सतरंजी, मागे दोन धोतरं शिवून केलेला पडदा. पडद्यामागे पाण्याचा रांजण आणि रांजणाशेजारी, पाणी द्यायच्या निमित्ताने कोरसमधून सुटून, पेटी घेऊन बसलेली बेबीनंदा, बरोब्बर सर्जेरावाच्या पाठीशी. भोंगेवाल्या कचरूला भिवाने विश्वासात घेतलं होतं. त्याने पेटीचा माइक पडद्याखालून मागे सरकवला. "आपल्याला काय, भोंगा वाजल्याशी मतलब," तो म्हणाला.

भोंगा होता उजवीकडच्या लिंबाच्या झाडावर. म्हणजे सगळा आवाज यायचा तो झाडातून. पण मांडवातल्या एकाही माणसाने झाडाकडे बघितलं नाही. सगळ्यांना तो सर्जेरावाच्या बोटांतूनच येताना ऐकू येत होता. आणि सर्जेराव! ठणकणारं बोट पट्टीला लागू नये म्हणून तो हात वरच्या वर तरंगता ठेवत होता. त्याची भरपाई म्हणून बाकीचं अंग त्याने दुप्पट हलवलं. एका जागी तर त्याने डोळे मिटून दोन्ही हात छातीशी नेले. पेटी आपली चालूच. तरी कुणाला काही खटकलं नाही. उलट समोर बसलेल्या गोजरबाई शेजारणीला म्हणाल्या, "बाई, किती मनापासून वाजवतोय!"

"वा रे पठ्ठ्या!" अण्णासाहेब गाता गाता ओरडले. "आज काय खाऊन आला?"

बेबीनंदाने दोन धोतरांच्या शिवणीतल्या फटीला डोळा लावला. पुढे ढोलकी आणि झांजा रंगात आल्या होत्या. तिला खोडी सुचली. तिने बोटं उचलली आणि गप्प बसली. सर्जेरावाला पत्ताच नाही. तो मान टाकतोय, भाता शेंदतोय, आणि लोक डोलताहेत. अण्णासाहेब त्याच्या हाताकडे बघत माइकमध्येच म्हणाले, "बघा, बघा! किती हळुवार हात!"

भिवाच्या ढोलकीचा एक ठोका हसण्यामुळे चुकला. बेबीनंदाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. हसून झाल्यावर तिने पुन्हा भाता धरला आणि वडिलांनी शिकवलेली एक अवघड जागा घेतली, खालून वर, न तुटता. फटीतून तिला सर्जेरावाचा खांदा त्याच सुरावर वर जाताना दिसला, आणि तिच्याच अंगावर सर्रकन शहारा आला.

ती चपापली. ही जागा तिने शेकडो वेळा घेतली होती. सूर तिचा, बोटं तिची, आणि तरीसुद्धा त्या हलत्या खांद्यातून आलेला तो सूर तिला रोजच्यापेक्षा गोड लागला. तिने मुद्दाम डोळा फटीवरून काढला. सूर पुन्हा रोजचा झाला. पुन्हा लावला, पुन्हा गोड. बेबीनंदाला स्वतःचाच इतका संताप आला की पुढचं सगळं गाणं तिने रांजणाकडे बघत वाजवलं.

कार्यक्रम संपला. लिंबाखाली चहाच्या कपबशा फिरायला लागल्या. अण्णासाहेब सर्जेरावाच्या पाठीवर थाप मारत गोजरबाईंना आपला दंड दाखवत होते. "ह्यो बघा काटा! आजून बसला न्हाई! त्या वरच्या जागेला तर माझा गळा दाटून आल्ता." मग त्यांचं लक्ष पडद्याआडून आलेल्या बेबीनंदाकडे गेलं. "सूनबाई, असं पायजे. याला म्हनतेत जीव."

बेबीनंदाने मोठी पेटी सगळ्यांच्या मधोमध आणली, झाकण काढलं आणि कापूस उपसायला लागली. एक बोळा, दुसरा बोळा. ढीग झाला. अण्णासाहेबांची बशी ओठाशीच राहिली. सर्जेरावाने निमूटपणे सुजलेलं बोट वर केलं. मग भिवाने पडद्यामागून छोटी पेटी आणून ठेवली, आणि कुणाला सांगायचं काही उरलं नाही.

आधी गोजरबाई हसल्या. मग सगळी माणसं हसली. अण्णासाहेबही हसले, पण कसंनुसं. बशी खाली ठेवून त्यांनी तोड काढली.

"मंग झ्याक झालं की! अंबडला असंच करू. तू मागून वाजव, ह्यो फुडं बसंल. लोकांना काय कळतंय!"

बेबीनंदाच्या तोंडावरचं हसू गेलं. "लोकांचं जाऊ द्या, मामंजी. काटा तुमच्या अंगावर आल्ता. शब्द तुमी दिल्ता."

"मी कुठं न्हाई म्हनतो? पन..." अण्णासाहेब अडखळले. "बरं, वाजव. हितंच. तीच वरची जागा. माझ्या म्होरं बसून."

ती बसली. वाजवलं. तीच जागा, तसाच खालून वर चढणारा सूर, न तुटता. मान नाही, खांदा नाही. अण्णासाहेब टक लावून बघत होते, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"खोटं बोलनार न्हाई, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "मला आजून बी कोरडंच ऐकू येऊन राह्यलं. हात त्योच हाय, ठावं हाय मला. तरी बी."

बेबीनंदाला त्यांचा राग यायला हवा होता. पण रांजणाशेजारचा तो फटीचा खेळ तिला आठवला आणि राग काही येईना.

"मला बी तसंच झालं, मामंजी," ती म्हणाली. "फटीतून भावजींकडं बघितलं की माझाच सूर मला गोड लागला. आता तुमी जरा तोंड तिकडं करा."

अण्णासाहेबांनी सुनेचं ऐकून तोंड फिरवणं ही तशी साधी गोष्ट नव्हती. भोवती पार्टी होती, परगावची माणसं होती. ते क्षणभर थांबले. मग उठले, बेबीनंदाकडे पाठ केली आणि लिंबाच्या खोडाकडे तोंड करून बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. तिने पुन्हा तीच जागा वाजवली. सूर वर पोचला तसा त्यांनी उजवा हात डाव्या दंडावर ठेवला आणि कितीतरी वेळ चोळत राहिले. गोजरबाईंनी ते बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"पोरगा मला पसंत हाय," गोजरबाई सर्जेरावाकडे बोट करून मध्येच म्हणाल्या. "पेटी येत न्हाई तर न्हाई. एवढा हालतोय, रानात काम तरी करंल."

बुद्धपौर्णिमेला अंबडच्या त्या गल्लीत पार्टी बसली तेव्हा मधोमध बेबीनंदा होती, वडिलांची पेटी घेऊन. सर्जेराव कडेला झांजा घेऊन मनसोक्त हलत होता, आणि निम्मे लोक त्याच्याच झांजांचं कौतुक करत होते. वडिलांच्या वेळची म्हातारी माणसं पुढे बसली होती. ती बेबीनंदाच्या न हलणाऱ्या खांद्यांकडे बघत एकमेकांत काही कुजबुजत होती. चांगलं की वाईट, तिला कळेना.

अण्णासाहेब उठले. दर कार्यक्रमात ते पेटीकडे तोंड करून, पेटीवाल्याच्या डोळ्यांत बघत गायचे. त्या दिवशी ते लोकांकडे तोंड करून, तिच्याकडे सपशेल पाठ करून उभे राहिले. "सुनेवर रुसलं वाटतं म्हातारं," पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. बेबीनंदाने सुरुवात केली. वरची जागा आली, गेली. अण्णासाहेबांनी तोंड उघडलं, पण गाणं उचललंच नाही. लोक वाट बघत राहिले. मागे न वळता त्यांनी नुसता हात वर केला, मग तो डाव्या दंडावर चोळला आणि ते म्हणाले, "परत एकदा वाजव, बेबी."