डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि अंगाला टोचणारी. टोचते म्हणून लगेच नाक मुरडू नका. मऊ पांघरुणांच्या दोन पावसाळ्यांत चिंध्या होतात, मी अजून धडधाकट आहे. ही थोडी बढाई झाली, पण आमच्याबद्दल चांगलं बोलणारं कोणी उरलं नाही, म्हणून स्वतःच बोलावं लागतं. एखादं काम रखडलं की तुम्ही माणसं खुशाल म्हणता, 'भिजत घोंगडं पडलंय.' आम्ही भिजतो ते माणूस कोरडा राहावा म्हणून, हे मात्र कोणी सांगत नाही!

माझा जन्म नातेपुत्याजवळच्या एका वाडीतला. सिद्धाप्पा आबांनी आपल्या मेंढ्यांची लोकर कातरली, मायाक्का आजीने ती पिंजून चरख्यावर सूत काढलं आणि सणगराने मागावर मला विणलं. मग चिंचोक्याची खळ देऊन मला उन्हात ताणून वाळवलं. त्या दिवशी मी इतकी ताठ झाले होते की माझी घडीसुद्धा पडेना. रंग म्हणाल तर तो कुठल्या डब्यातला नाही, काळ्या मेंढ्यांचा अस्सल आहे.

पावसात आबा माझी खोळ करून डोक्यावर घेत. रानात मुक्काम पडला की मीच अंथरूण आणि मीच पांघरूण. थंडीत जन्मलेली कितीतरी कोकरं माझ्यात गुंडाळून घरी आली. आबांची नात ऋतुजा लहान असताना माझ्यावरच झोपायची. पुढे घरात फुलाफुलांचं गुबगुबीत ब्लँकेट आलं आणि तीच ऋतुजा मला बाजूला सारत म्हणाली, "ई, टोचतंय!" मला वाईट वाटलं. खरं सांगते, फार वाईट वाटलं. पण आबांनी मला खांद्यावरून कधी उतरवलं नाही. त्यामुळे घरातली एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मला कळली. आबांना दिसेनासं झालं होतं.

ते वाटेतले दगड पायाने चाचपडू लागले. मी बाभळीच्या काट्यांत वरचेवर अडकू लागले. मेंढ्या मात्र ते आवाजावरून, नाहीतर पाठीवर हात फिरवून ओळखत, म्हणून कोणाला संशय आला नाही. वाडीत डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा तर आबांनी कमालच केली. भिंतीवर एक तक्ता लावला होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यावर तीन दातांच्या फणीसारख्या खुणा होत्या. दात कोणत्या बाजूला आहेत, वर, खाली, उजवीकडे की डावीकडे, एवढंच सांगायचं. आबांनी रांगेतल्या पुढच्या माणसांची उत्तरं ऐकली, त्यांचा क्रम पाठ केला आणि आपली पाळी आल्यावर धडाधड म्हणून दाखवला. कळपात कोणती मेंढी कोणामागून चालते हे जन्मभर ध्यानात ठेवणाऱ्या माणसाला यात काय अवघड? "आबा, नजर एकदम चांगली आहे," असं म्हणून तपासणाऱ्याने पाठ थोपटली. आबा खूश होऊन घरी आले. मी खरं काय ते सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे होतं?

मग एका सकाळी आबा कळप घेऊन थेट मोठ्या रस्त्यावर चढले. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून सगळे वाचले. आबांचा मुलगा भारत धावत आला. तो चिडला होता, पण त्याहून जास्त घाबरला होता.

"आबा, तुमाला दिसत न्हाय. मेंढरं इकून टाकू. उद्या काय झालं म्हंजी?"

"दिसतंय की! समदं दिसतंय मला!"

"पप्पा, आदी डोळं तर दाखवू," ऋतुजा मध्ये पडली. ती आता कॉलेजात शिकत होती. "मोतीबिंदू असंल. ऑपरेशन केलं की दिसतं. आपल्याकडं आयुष्मान कार्ड हाय की."

भारत जरा निवळला. "बरं. डॉक्टर म्हणला आबांना दिसंल, तर मेंढरं ऱ्हातील. न्हायतर करमाळ्याचा व्यापारी बोलवून घेतो."

मित्रांनो, मेंढरं गेली असती तर आबांकडे काय उरलं असतं? बसायला ओटा आणि पांघरायला मी.

ऋतुजा, आबा आणि मी एसटीने सोलापूरला पोहोचलो. पहिला दवाखाना इतका चकचकीत होता की फरशीवर पाय ठेवायला आबा कचरत होते. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. "आमच्याकडे हे चालत नाही." दुसऱ्या दवाखान्यावर योजनेची भलीमोठी पाटी होती. ऋतुजाने विचारलं, "कार्ड चालतं का?" "चालतं की, बसा," उत्तर आलं. आम्ही बसलो. रांग सरकत सरकत दुपार झाली, तेव्हा कळलं की कार्ड चालतं ते हाडांना आणि हृदयाला. डोळे त्यांच्या योजनेत नव्हतेच.

"मंग एकांदं हाड मोडून घिऊ का?" आबा म्हणाले. "त्याच्यासंगं डोळंबी बगा."

ऋतुजाला आधी राग आला होता, पण आता हसू आवरेना. बाहेर रसवंतीच्या बाकावर बसून तिने मदत क्रमांकावर फोन लावला. 'सोलापुरात डोळ्यांच्या ऑपरेशनला हे कार्ड कुठं चालतं?' असा नेमका प्रश्न विचारला, तेव्हा नेमकं उत्तर मिळालं.

तिसरा दवाखाना साधा होता. शेजारच्या गल्लीत टॉवेलचे माग खडखडत होते. मला माझ्या सणगराची आठवण झाली आणि उगाच बरं वाटलं. दाराशीच योजनेचं टेबल होतं आणि तिथे आरोग्यमित्र म्हणून अक्षता नावाची मुलगी बसली होती. तिने संगणकावर कार्ड पाहिलं आणि मान डोलावली. "डोळ्यांना चालतं. आधी नजर तपासून घ्या. नजर कमी आहे असं डॉक्टरांनी लिहिलं की मी मंजुरीला पाठवते."

ऋतुजाचा चेहरा फुलला. आबांनी मात्र मला अंगाभोवती घट्ट ओढून घेतलं. ऑपरेशनने दिसतं वगैरे गोष्टींवर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं. 'नजर कमी' असं कोणी लिहिलं की मेंढरं गेली. त्यांनी पुन्हा शिबिरातलीच युक्ती करायची ठरवली. केवढी पायपीट करून कार्ड घेणारा दवाखाना सापडला होता, आणि आमचे आबा तिथून पास होऊन घरी जायला निघाले होते!

रांगेत पुढे अक्कलकोटकडचे सिद्रामप्पा होते. आवाज असा की बाहेरच्या रिक्षा थांबाव्यात. तपासणाऱ्या शिवूने तक्त्यावर काठी ठेवली की ते ओरडायचे, "म्याल! केळग! बलक! केळग! यडक!" आबा कान देऊन ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते. माझ्या आत त्यांची बोटं एकेक शब्द मोजत होती.

आबांची पाळी आली. शिवूने काठी ठेवली.

"म्याल," आबा ठणकावून म्हणाले. "केळग. बलक. केळग. यडक."

सगळी उत्तरं बरोबर होती. शिवू मात्र लिहिता लिहिता थांबला. "मामा, गाव कुठलं तुमचं?"

"नातेपुत्याजवळ हाय."

"मग कानडी कुठं शिकलात?"

"आँ? ही कानडी हाय व्हय?"

सगळी खोली हसली. सिद्रामप्पा तर गुडघ्यावर थापा मारून हसत होते. शिवूला घरी कानडीच बोलायची सवय, म्हणून त्याला सिद्रामप्पांचं सगळं कळत होतं. तो म्हणाला, "बरं, म्याल म्हणजे कुठली बाजू? हातानं दाखवा."

आबांचा हात माझ्यातून हळूच बाहेर आला, हवेत जरा घुटमळला आणि त्याने दाराकडे बोट केलं. म्याल म्हणजे वर. आता कोणी हसलं नाही. ऋतुजा आबांसमोर खाली बसली.

"आबा, तुमाला तक्ता दिसतोय का?"

आबांनी मला डोक्यावरून पुढे ओढून घेतलं. तेवढ्यात डॉक्टर सुकन्या आल्या. शिवूने त्यांना झालेला प्रकार सांगितला. त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून आबांजवळ बसल्या. "बाबा, मेंढ्या आहेत ना तुमच्याकडे? एखादीचे डोळे गेले तर तुम्हाला कसं कळतं?"

"ती दुसरीच्या अंगाला अंग लावून चालती," आबा म्हणाले. "एकटी ऱ्हाइली की जागची हालत न्हाय." एवढं बोलून ते थांबले. ऋतुजाच्या खांद्यावर आपलाच हात आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. "मीबी तसाच चालतोय की. न्हाय दिसत, बाई. लई दिस झालं. पर तुमी तसं लिव्हलं, तर माझी मेंढरं जात्याली."

"उलटं आहे बाबा. मी 'कमी' लिहिलं तरच मंजुरी येईल. 'चांगली' लिहिलं तर तुम्हाला असंच घरी पाठवावं लागेल. मोतीबिंदू आहे, मला इथूनच दिसतोय. काढला की दिसेल."

"मेंढरं दिसतील?"

"दिसतील."

"मंग लिव्हा," आबा म्हणाले. "चांगलं ठळक लिव्हा!"

मंजुरी आली. ऑपरेशनच्या खोलीत मला प्रवेश नव्हता. मेंढीच्या लोकरीला तिथे कोण घेणार? मी बाहेर बाकावर ऋतुजाच्या अंगावर बसून राहिले. ती घाबरली होती आणि मला घट्ट लपेटून घेत होती. मला तर बाई अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी आबांची पट्टी उघडली. त्यांनी खिडकी पाहिली, ऋतुजाला पाहिलं, मग मांडीवर मला घेतलं आणि किती तरी वेळ निरखत राहिले.

"आरं, ही माजीच घोंगडी व्हय? हिला गुलाबी दोरा कुणी घातला?"

"काट्यानं फाटली तवा आजीनं शिवली. उशीच्या खोळीचा दोरा उरला होता."

"आन मी ही घालून समद्या बाजारात हिंडलो?"

आबा हसले, ऋतुजा हसली, पलीकडच्या खाटेवरचे सिद्रामप्पाही हसले. मीही हसले असते, पण गुलाबी रंग मला शोभतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

आबा काळा चष्मा लावून वाडीत आले, तेव्हा दारात करमाळ्याचा व्यापारी बसला होता. आबांना खरंच दिसतं का, ते पाहिल्याशिवाय भारतचा भरवसा नव्हता. आबांनी कळपाकडे पाहिलं आणि चष्म्याआडूनच भारतला म्हणाले, "ती कडंची ठिपक्यांची मेंढी मागचा पाय उचलून टाकती. खुरात काटा हाय तिच्या." भारतने जाऊन पाहिलं, तर खरंच काटा निघाला. त्याने व्यापाऱ्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. महिनाभर आबांना धुळीत जायचं नव्हतं, म्हणून मेंढ्या मायाक्का आजीने चारल्या. आबा ओट्यावरून नुसते हुकूम सोडत होते आणि आजी एकही ऐकत नव्हती.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरचे आजी-आजोबा 'समदं दिसतंय' म्हणाले, तर लगेच सोडून देऊ नका. त्यांना काय गमवायची भीती वाटते ते विचारा. आणि दवाखान्यात 'कार्ड चालतं का?' एवढंच विचारू नका. 'डोळ्यांना चालतं का?' असं विचारा. आमची एक दुपार वाया गेली, तुमची जाऊ नये.

परवा आम्ही दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा तिथेच गेलो होतो. रांगेत पलीकडे रत्नम्मा नावाची एक म्हातारी बसली होती. आतला माणूस उत्तरं देत होता आणि तिचे ओठ हळूहळू हलत होते. आबांच्या नव्या डोळ्याने ते टिपलं. ते उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

"अक्का, पाठ करू नगंस," ते हळूच म्हणाले. "न्हाय दिसत म्हन. म्हनलीस, तरच दिसंल."

रत्नम्माने त्यांच्याकडे पाहिलं. तिला मराठी किती कळली कोण जाणे. तिची पाळी आली, शिवूने तक्त्यावर काठी ठेवली. ती क्षणभर थांबली आणि मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "ननग काणंगिल्ला!"

आबांना कानडी येत नाही. तरी त्यांनी आनंदाने मान हलवली आणि रांगेतल्या सगळ्यांना मराठीत सांगितलं, "तिला दिसत न्हाय म्हनती. आता दिसंल तिला."