लाल पिल्लांची राखण

सीतारामने गळ सोडला तो नेमका लाल पिल्लांच्या घोळक्यात. मरळ मासा एरवी कुणाला दाद देत नाही. पण त्याची पिल्लं लाल आहेत तोवर त्यांच्यात काही घुसलं, की खालून वेड्यासारखा चालून येतो. गळाला लावायचा तर तेव्हाच.

डेंग्यूतून उठलेली त्याची लेक अनघा शाल गुंडाळून तळ्याच्या काठावर बसली होती. ताप गेला, पण तिला घास काही जात नव्हता. मरळाच्या रश्श्यानं अंगात ताकद येते, म्हणून तिच्या आईनं, हिरानं, सकाळीच मसाला वाटून ठेवला होता.

"आबा, किती लाल हायेत ओ ही. खंड्याला लांबूनच दिसत असतील."

"म्हणून तर ह्यो राखण करतो. चार-दोन दिसांत काळी पडत्यात, मंग सोडून जातो."

"कातडीत काळ्या रंगाच्या पेशी वाढतात," कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी अनघा म्हणाली. "लाल रंग झाकला जातो. मग चिखलात ओळखूच येत न्हाईत."

सीतारामला मोठं नवल वाटलं. केवढीशी पिल्लं, आणि आपल्या जिवाची तजवीज अंगातच घेऊन आलेली!

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. हातभर लांब मरळ काठावर येऊन तडफडू लागला. पाण्यात घोळका फुटला, सैरावैरा झाला आणि पुन्हा काठाशीच येऊन घुटमळला. बाभळीवरून खंड्या झेपावला आणि एक पिल्लू उचलून गेला.

"आई का त्यांची?"

"न्हाई. बाप."

अनघानं शाल अंगाभोवती ओढून घेतली. सीतारामने तिच्या मनगटाकडे पाहिलं; नुसती काडी झाली होती पोरीची. त्याचा जीव तुटला. तरी तो मासा उचलून, तिच्याकडे पाठ करून, पाण्यावर वाकला.

"सुटला," तो म्हणाला. मोकळा गळ त्याच्या मुठीत होता.

"लय चपळ असतात," अनघा म्हणाली.

घरी हिरानं भांडी आदळली, तोंडभर बोलून घेतलं आणि त्याच मसाल्यात अंडी सोडली. अनघानं दोन घास खाऊन ताट सारलं.

सीताराम मग रोज सकाळी तळ्यावर जाऊ लागला. एक दिवस तो फार उशिरा परतला.

"दिसली का पिल्लं?" अनघानं विचारलं.

"एक बी न्हाई. समदा काठ हुडकला, नुसता चिखलच दिसतोय." बोलताना त्याला हसू आवरत नव्हतं.

अनघा भिंतीला टेकून उठून बसली.

"आई," तिनं हाक मारली, "भाकरी हाय का गं?"