पुसलेली खूण

माझी धाकटी बहीण हैमवती दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि धास्तावली. तिचा पहिला मुलगा तनूज जन्मला तेव्हा चांगला थोराड होता. जीभ तोंडात मावेना, धड दूध ओढता येईना. पुढे जिभेचं ऑपरेशन झालं, तो छान बोलूही लागला. तरी अशा मुलांच्या पोटात गाठ होऊ शकते म्हणून सोनोग्राफीच्या खेपा चालूच होत्या.

"अक्का, दोष माझ्यातच असणार," ती मला म्हणाली. "हे मूल नकोच. भार्गवला बोलू नकोस."

मी लगेच जाऊन तिच्या नवऱ्याला सांगितलं. भार्गव चिडला नाही. "आधी तनूजची जनुकांची तपासणी करू. मग तू म्हणशील तसं," एवढंच तो तिला म्हणाला.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघं आमच्या हैदराबादमधल्याच डॉक्टर पद्मलतांसमोर बसलो.

"अम्मा, जनुकांची अक्षरं सगळी जागच्या जागी आहेत," त्या म्हणाल्या. "पण कुठल्या जनुकानं जागं राहायचं, कुठल्यानं झोपायचं, हे त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा ठरवतात. आईकडून आलेल्या प्रतीवरची अशी एक खूण तनूजमध्ये पुसली गेली. त्यामुळे वाढीला लगाम घालणारा जनुकच झोपला."

"पुसली कुणी? मीच ना?"

"कुणीच नाही. गर्भ इवलासा असताना आपोआप झालं ते."

"मग हे बाळ?"

"पुन्हा तसं होणं फार दुर्मिळ. आणि या प्रकारात गाठीची भीतीही अगदी कमी. सोनोग्राफीच्या खेपा आता थांबवू."

हैमा उसळली. "आणि मी इतकी वर्षं, तनूजच्या वेळी पपई खाल्ली म्हणून स्वतःला दोष देतेय!"

"मला वाटायचं, पोराची जीभ माझ्या आईवर गेलीय," भार्गव म्हणाला.

"सांगू अत्तय्यांना?" हैमानं सासूबाईंचं नाव काढलं.

"सांग. मग मला जेवायला तुझ्या अक्काकडेच यावं लागेल."

हैमा हसता हसता रडायला लागली. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

परतताना गाडी सुरू झाली न झाली तोच तिला झोप लागली. कित्येक रात्री तिचा डोळा लागला नव्हता. घराची गल्ली आली, तरी भार्गवनं गाडी वळवली नाही.

"अरे, घर मागे राहिलं," मी म्हणाले.

"हळू बोला, वदिना," तो कुजबुजला, आणि हुसेनसागर तलावाच्या काठानं गाडी सावकाश पुढे नेऊ लागला.