दुसऱ्यांदा विचारायचं नसतं

माझ्या मुलीला मी दादा म्हणते. ती साडेतीन वर्षांची आहे. ती जेवली नाही तर माझी आई "माझा लेक आज जेवला नाही" म्हणून घर डोक्यावर घेते. यात उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या गावात कुणाला नवल वाटत नाही. माझा थोरला भाऊ उयाराक समुद्रावरच्या बर्फाखाली गेला, त्यानंतर गावात जन्मलेलं पहिलं बाळ माझं होतं, म्हणून त्याचं नाव तिला मिळालं. नाव आलं म्हणजे माणूस आला. मुलगा की मुलगी, हे नाव बघत नाही.

त्याचा देह मात्र परत आला नाही. ज्या सफरीवर तो कुत्र्यांची गाडी हाकायला गेला होता, तिच्यावरून परत आला तो एकटा प्रेबेन.

प्रेबेन डेन्मार्कचा. ध्रुवाकडे चालत जाणं हा त्याचा धंदा, आणि चालून आल्यावर त्यावर बोलणं हा त्याहून मोठा धंदा. कोपनहेगनच्या बँकांत आणि विमा कंपन्यांत, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या लोकांना तो तग कसा धरावा हे शिकवतो आणि शेवटी बर्फ कसा वितळतोय हे सांगून रडवतो. त्या भाषणात माझा भाऊ मरतो. दर वेळी मरतो. तिकडे शिकायला गेलेल्या माझ्या मैत्रिणीनं ते ऐकलं होतं. फोनवर म्हणाली, "रेगिने, तुझा भाऊ शेवटी किती छान बोलला गं."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. उयाराक, आणि छान बोलला? बायकोला मागणी घालायला गेला तेव्हाही हा माणूस तिच्या दारात सुक्या माशांची जुडी ठेवून परत आला होता. दोन दिवस तिला वाटत होतं, कुणीतरी चुकून विसरून गेलंय.

यंदा एप्रिलमध्ये प्रेबेन पहिल्यांदाच पुन्हा गावात आला. हेलिकॉप्टरमधून आधी त्याच्या पेट्या उतरल्या, मग तो उतरला. पेट्यांमध्ये नारिंगी जाकिटं होती, पाठीवर कुठल्याशा कंपनीचं नाव असलेली. त्यातलं एक संध्याकाळपर्यंत माझ्या धाकट्या भावाच्या, योसवाच्या अंगावर आलं. प्रेबेनला नवी सफर काढायची होती, त्याच फ्योर्डवरून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या गोठलेल्या खाडीवरून, त्याच वाटेनं. त्यासाठी कुत्र्यांची गाडी हाकणारा माणूस हवा होता.

"ताई, मी हो म्हटलंय," योसवा म्हणाला.

"जाकिटासाठी?"

"कुत्र्यांसाठी. नुसती बांधून ठेवायची आणि मासे घालायचे, असं किती दिवस? फेब्रुवारीतसुद्धा लोक खाडीबाहेर होडीनं मासेमारी करतात आता. गाडी हाकायचं एवढं एकच काम उरलंय."

"कुत्र्यांना काम हवं म्हणून तू मरायला जाणार का?"

"दादा बर्फामुळं गेला. प्रेबेनमुळं नाही."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सगळं जग सांगतंय."

"जग नव्हतं तिथं," मी म्हणाले. त्यावर तो जाकिटाची चेन वरपर्यंत ओढून बाहेर निघून गेला.

बर्फ बिघडलाय, हे मी नाकारत नाही. पूर्वी आमचे लोक जूनपर्यंत गाड्या चालवायचे. आता फ्योर्डवरही मे महिन्यातच पाणी दिसतं. पण भाऊ जिथं बुडाला त्या काळ्या सुळक्यापाशी खालून पाण्याची ओढ आहे, आणि तिथला बर्फ माझ्या पणजोबांच्या वेळेपासून कच्चा आहे. तिथं गाडी किनाऱ्यावर चढवायची आणि सुळक्याला वळसा घालून पलीकडे उतरायचं, हे आमच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मग उयाराक तिथून सरळ का गेला? हा प्रश्न मी चार वर्षं उशाशी घेऊन झोपले. प्रेबेनच्या भाषणात त्याचं उत्तर एका शब्दात मिळत होतं: हवामान. आता हवामान बदललंय हे तर खरंच. खोटं बोलणाऱ्याला असं मोठं खरं सापडलं, की लपायला ऐसपैस जागा मिळते.

शनिवारी प्रेबेन मी काम करते त्या दुकानात आला. रविवारी प्रार्थनेनंतर शाळेत त्याला भाषण करायचं होतं. शाळेचे मास्तर सुट्टीवर होते, तेव्हा डॅनिशचं आमच्या भाषेत मी करावं, असं त्याचं म्हणणं. मी नाक मुरडलं. आमच्याकडे नाक मुरडलं की झालं 'नाही'. भुवया उंचावल्या की झालं 'हो'. त्यासाठी तोंडाला कशाला शीण द्यायचा?

तो हसला आणि म्हणाला, "मग जमेल ना तुम्हाला?"

आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. एकदा नाही म्हटलेल्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं. पाहुण्यानं विचारलं तर मग आपणच लाजतो आणि त्याचं ऐकतो. मीही लाजले आणि भुवया उंचावल्या. पण तो गेल्यावर किती तरी वेळ मी पिठाच्या पुड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिले. या माणसाला माझं 'नाही' कळलं नव्हतं, की कळूनही त्यानं न कळल्यासारखं केलं होतं?

जाण्याआधी त्यानं भाषणातला शेवटचा भाग मला म्हणून दाखवला, म्हणजे मी आयत्या वेळी अडखळू नये. "उयाराक माझ्याकडे वळला," तो म्हणाला. "आणि म्हणाला, प्रेबेन, मी परतलो नाही, तर जगाला सांग, आमचा बर्फ मरतोय." 'बर्फ' या शब्दापाशी तो थांबला. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, रडतोय बिचारा, खरंच दुःख असेल.

रविवारी शाळेत सगळं गाव जमलं. बायकांनी केक आणले होते, माझी आई बिबियाने कॉफीची मोठी किटली घेऊन आली होती. माझी मुलगी केकच्या टेबलाखाली बसून वरचे तुकडे खाली नेत होती. म्हातारा एनोक पुढच्या रांगेत पाय पसरून बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "हा ध्रुवावर काय विसरून आला होता, म्हणून सारखा परत जातो?"

प्रेबेन बोलायला उठला. बोलणारा चांगला होता, हे कबूल करायला हवं. वादळात तंबू कसा फाटला, बोटं कशी काळी पडली, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. "मन थांब म्हणतं," तो म्हणाला, "तेव्हाच आणखी एक पाऊल टाकायचं. यालाच मी तग म्हणतो."

मी ते आमच्या भाषेत सांगितलं. एनोक म्हणाला, "मन थांब म्हणत असेल तर थांबावं की. मन काय वेडं आहे?"

सगळे खो खो हसले. प्रेबेनही हसला, त्याला वाटलं, भाषण रंगतंय. एनोकचं बोलणं मी त्याला सांगितलं नाही.

मग भिंतीवर उयाराकचा फोटो आला, भिंतीएवढा. टोपीच्या कडेला गोठलेला श्वास, बारीक केलेले डोळे. आई हातात बशी घेऊन तशीच उठून उभी राहिली. प्रेबेनचा आवाज खाली आला. "उयाराक माझ्याकडे वळला आणि म्हणाला, प्रेबेन, मी परतलो नाही, तर जगाला सांग, आमचा बर्फ..."

तो थांबला. डोळे भरून आले. त्याच शब्दावर, तेवढेच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं ऐकलं होतं. आता समोर उभा असलेला पाहिला. मी बोलायची थांबले. लोक माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय म्हणतोय तो?" आईनं विचारलं.

"आई, तो म्हणतोय, दादा शेवटी असं म्हणाला..." आणि मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

आईनं बशी खाली ठेवली, टेबलाखाली हात घालून माझ्या मुलीला बाहेर काढलं, तिच्या तोंडावरचं क्रीम स्वतःच्या बाहीनं पुसलं आणि तिला प्रेबेनसमोरच्या खुर्चीवर उभं केलं.

"त्याला सांग," ती मला म्हणाली, "माझा लेक इथंच आहे. जे काय सांगायचं, ते त्याच्या तोंडावर सांग म्हणावं. तू असं म्हणालास, असं सांग म्हणावं."

मी सांगितलं. प्रेबेनच्या चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू आलं. मुलीचं नाव काय, हे त्यानं मला विचारलं. मी म्हणाले, "उयाराक." हसू थोडं मावळलं. तरी तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. मागच्या बाकावर योसवा नारिंगी जाकीट घालून बसला होता; तो उठून उभा राहिला.

"तू माझ्याकडे वळलास," प्रेबेन म्हणाला. "आणि मला म्हणालास..."

मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. आणि तिनं नाक मुरडलं.

आता मला विचाराल तर त्याच्या दाढीला कसल्याशा औषधी मलमाचा वास येत होता, त्यानं मुरडलं असेल. पोरच ते. पण नाक मुरडताना तिचा डावा डोळा किंचित बारीक झाला, दादाचा व्हायचा तसा, आणि शाळेत एकही कप वाजेना.

प्रेबेनचं पुढचं वाक्य आलंच नाही. त्याचा रंग उतरला. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला भरून आलं ते या वेळी कुठल्याही शब्दावर नव्हतं.

"असंच," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मला वाकावं लागलं. "असंच केलं होतं त्यानं."

"केव्हा?"

"सुळक्यापाशी. मी बर्फावरून सरळ हात दाखवला. वळसा घातला असता तर दिवस गेला असता, आणि पलीकडे आम्हाला न्यायला येणारं जहाज थांबणार नव्हतं. त्यानं असंच केलं. नाकानं."

"आणि ते तुम्हाला कळलं नाही?" मी विचारलं. हे विचारायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो गुडघ्यावरून उठला. "दोन महिने एका तंबूत होतो आम्ही. न कळायला काय झालं? मी न कळल्यासारखं केलं. आणि पुन्हा विचारलं."

मी हे गावाला सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. दुकानात माझ्याशी झालं तेच, अगदी तेच. मी लाजून त्याचं भाषांतर केलं. माझा भाऊ लाजून बर्फावर गेला. आमच्या चांगुलपणाची याला नीट ओळख होती आणि ती ओळखच त्यानं वापरली.

"मग काय म्हणाला माझा लेक?" आईनं विचारलं.

"काही नाही," प्रेबेन म्हणाला. "कुत्र्यांना हाक दिली. मी मागून स्कीवर होतो. तो काहीच बोलला नाही. ते वाक्य माझं आहे. पहिल्या भाषणात लोक विचारायला लागले, शेवटी काय म्हणाला. काहीतरी सांगायला हवं होतं."

आई रडली नाही. उलट तिचा चेहरा चार वर्षांत पहिल्यांदा सैल झाला. "बघ," ती एनोकला म्हणाली, "मी म्हणत होते ना, माझ्या पोराला बर्फ कळत होता. तो नाही म्हणाला होता."

माझं मन मात्र एवढं मोठं नाही. मला त्या माणसाचा राग येत होता, अजूनही येतो. त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी मनात म्हणत होते, हेही उद्या भाषणात जाईल, हे तर आणखी विकलं जाईल. आणि माझं मन वाचल्यासारखं त्यानं आईला विचारलं, "हे मी तिकडे सांगू का? त्या वाक्याच्या जागी?"

"मला काय विचारतोस?" आई म्हणाली. "त्याला विचार."

प्रेबेननं माझ्या मुलीला विचारलं, मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत. तेवढी त्याला येत होती, हे मला तेव्हा कळलं. मुलीनं भुवया उंचावल्या. तिच्या मागं एनोक केकचा तुकडा दाखवत होता, तेव्हा ते 'हो' कुणाला होतं, याची मला आजही शंका आहे.

लोक उठले, कॉफी ओतली जाऊ लागली. कुणी त्याच्यावर ओरडलं नाही; कपही त्याला सगळ्यांसारखाच मिळाला. योसवा बाकांमधून पुढं आला. त्याचे कान लाल झाले होते. आठवडाभर माझ्याशी भांडलेला हा पोरगा आता काय करणार, हे मला कळेना. त्याला कुत्री हाकायची होती, आणि दुसरं कुणी त्याला ते काम देणार नव्हतं.

प्रेबेननं त्याला बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्याला विचारा, सोमवारी येणार का. वळसा घालूनच जाऊ. सगळीकडे तो म्हणेल तसंच."

मला सांगावं लागलं नाही. योसवाला तेवढं डॅनिश येतं. त्यानं जाकिटाची चेन खाली ओढली, जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, आणि नाक मुरडलं. एकदाच.

प्रेबेनचं तोंड उघडलं. मी त्याच्या ओठांकडे बघत राहिले. आईही बघत होती, एनोकचा कप अर्ध्यावर थांबला होता. खिडकीबाहेर योसवाची कुत्री भुंकत होती.

प्रेबेननं तोंड मिटलं. खुर्चीवरचं जाकीट उचललं, घडी घातली आणि काखेत धरलं. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.